हुंकार देणारी

टेपमास्तरांनी आयुष्यात कुणाला अ आ इ शिकवलं नव्हतं, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. तरुणपणी ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. दप्तरखान्याच्या मोठ्या साहेबांनी एकदा ध्वनिमुद्रणाचं बंद पडलेलं यंत्र त्या दुकानाच्या फळीवर आणून ठेवलं आणि म्हणाले, "बघ बाबा, यात धुगधुगी आहे का." मास्तरांनी यंत्र बोलतं केलं. साहेब इतके खूश झाले की यंत्राबरोबर मास्तरांनाही घेऊन गेले. "म्हैस घेतली की रेडकू मागोमाग येतं, तशी माझी नोकरी," असं मास्तर पुढे सांगायचे.

तोवर दप्तरखान्यात नुसते कागद होते. कपाटांत कागद, माळ्यावर कागद, जिन्याखाली कागद. साहेबांचं म्हणणं असं, की कागदावर लिहिता येणाऱ्यांचंच सापडतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या तोंडून ऐकून ठेवलं नाही, तर ती माणसं आपल्याबरोबर सगळं घेऊन जातील. त्याच सुमाराला नदीपलीकडचा काचेचा कारखाना कायमचा बंद पडला. साहेबांनी मास्तरांना कारखान्याच्या कामगार वस्तीत धाडलं. काम साधं होतं. दारोदार जायचं, यंत्र मांडायचं, लोकांना बोलतं करायचं.

पुरुषांना बोलतं करावं लागलं नाही, गप्प करावं लागलं. भट्टीवरचे कामगार एकदा सुरू झाले की रीळ संपायचं पण त्यांचं संपायचं नाही. बायकांचं मात्र उलटं. कारखान्यात शेकडो बायका होत्या. काच निवडायच्या, घासायच्या, बाटल्या पेंढ्यात बांधायच्या. पण मास्तरांनी माइक पुढे केला की पदर सावरायच्या आणि जमिनीकडे बघायच्या. पेंढा बांधण्यात जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, त्या पेंढावाल्या आजीने तर अख्ख्या सकाळीत "हो", "नाही" आणि "असेल" एवढेच तीन शब्द दिले.

त्या दिवशी मास्तर चष्मा घरी विसरले होते. चष्म्यावाचून त्यांना यंत्रावरचा काटा दिसत नसे. बायको चष्मा घेऊन पत्ता विचारत विचारत वस्तीत आली. उन्हातून आली होती, म्हणून आजीने तिला बस म्हटलं, पाणी दिलं. आजी शेंगा सोलत होती. बायकोने सुपातल्या मूठभर शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि तीही सोलू लागली. "पेंढ्याने हात कापायचे का हो तुमचे?" तिने सहज विचारलं. आजीने हात पुढे केले. "हे बघ की." मग पुन्हा पुन्हा 'हे बघ की' म्हणत बोटांवरच्या खुणा दाखवता दाखवता आजी बोलायला लागली आणि मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवून हळूच कळ दाबली.

तेव्हापासून बायको बरोबर जाऊ लागली. ती फार प्रश्न विचारत नसे. ती हुंकार द्यायची. "हं." "अगं बाई." "मग?" कधी नुसतं जिभेने च्च करायची. पण कुठे हं म्हणायचं आणि कुठे गप्प राहायचं हे तिला बरोबर कळायचं. समोरची बाई रडायच्या बेतात आली की ही एकदम विचारायची, "तेव्हा तुमचं घर कौलारू होतं का?" आणि ती बाई डोळे पुसून कौलांचं सांगायला लागायची, कौलांवरून हळूहळू परत मूळ गोष्टीकडे यायची.

मास्तरांना सुरुवातीला हे खटकायचं. ते घरी आल्यावर कुरकुरायचे, "अगं, तुझं हं हं सगळं टेपेवर येतं."

"येऊ दे की. मी गप्प बसले तर त्याही गप्प बसतील. मग घ्या तुमच्या भिंतींचा आवाज भरून."

मास्तरांनी आपल्या परीने तोडगा काढला. माइक बोलणाऱ्या बाईकडे तोंड करून ठेवायचा, बायकोकडे पाठ करून. सगळेच ध्वनिमुद्रक तसं करतात. त्यामुळे टेपेवर बायकोचा आवाज बारीक यायचा, शेजारच्या स्वयंपाकघरातून यावा तसा. पण यायचा.

दप्तरी तिची नोंद कुठेच झाली नाही. बायकोला बरोबर नेण्याची सोय नियमात नव्हती, तेव्हा ती आलीच नाही असं धरून सगळे कागद झाले. रिळाच्या डबीवर बोलणाऱ्या बाईचं नाव, तारीख आणि खाली मास्तरांची सही. कारखान्याची वस्ती संपली तशी इतर वस्त्यांची कामं निघाली. वर्षानुवर्षं दोघं एकाच पिशवीची एकेक बाजू धरून फिरली. लेकीचं शिक्षण झालं, लग्न झालं, ती लांबच्या शहरात गेली. मास्तर निवृत्त झाले. आता दोघं निवांत बसू म्हणेपर्यंत बायकोच्या घशाचं दुखणं निघालं. शेवटच्या काही महिन्यांत आवाज बसला तो बसलाच. ती कुजबुजायची आणि मास्तर कान तिच्या तोंडाजवळ न्यायचे. मग कुजबुजही संपली.

ती गेल्यानंतर एका वर्षाने लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "बाबा, मला आईचा आवाज आठवत नाही. आठवायला गेलं की ती शेवटची कुजबुजच कानात येते. तुमच्याकडे आहे का कुठे?"

"अगं वेडे, दप्तरखान्यात कपाटं भरून आहे तुझी आई," मास्तर म्हणाले. "ये एकदा, बसून ऐकू."

पण ती लेकराबाळांची बाई, नोकरी करणारी. येणं लांबत गेलं. मास्तर एकटेही गेले नाहीत. दाराशी विहीर असली की माणूस तहान लागेपर्यंत पोहरा सोडत नाही, तसं त्यांचं झालं. आहे ना तिथे, मग झालं तर.

पुढे एके दिवशी दप्तरखान्यातून निरोप आला. सगळ्या जुन्या मुलाखती आता संगणकावर गेल्या होत्या, घरबसल्या कुणालाही ऐकता येणार होत्या, आणि ज्यांनी त्या जमवल्या त्यांनी येऊन बघावं अशी विभागाच्या अधिकारी बाईंची इच्छा होती. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला.

दप्तरखाना ओळखू येत नव्हता. जिन्याखालचे कागद गेले होते. रिळांची खोली होती तिथे पांढऱ्या टेबलांवर संगणकाचे पडदे मांडलेले, खिडक्या बंद, आत गारवा. अधिकारी बाई कामाला वाघ होत्या, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळत होतं. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली आणि शेजारी बसलेल्या एका प्राध्यापिकेची ओळख करून दिली. या प्राध्यापिका कारखान्यातल्या बायकांचा इतिहास लिहीत होत्या.

"सर, पूर्वी मला एकेक टेप ऐकायला लागली असती. अर्धं आयुष्य गेलं असतं," प्राध्यापिका म्हणाल्या. "आता हे बघा." त्यांनी 'रात्रपाळी' असा शब्द टाइप केला. पडद्यावर ओळीच ओळी आल्या. "कारखान्याच्या दप्तरात लिहिलंय की रात्रपाळीला एकही बाई नव्हती. आणि इथे बघा, किती जणी रात्रपाळीचं सांगतायत. एकीने सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारीला आठवत नाही. एवढ्या जणींना कोण खोटं पाडणार?"

मास्तरांना मनापासून बरं वाटलं. आपण पिशवी वाहिली ती फुकट गेली नाही, असं वाटलं. बोललेलं सगळं यंत्रानेच लिहून काढलं होतं, त्यात मजेच्या चुकाही होत्या. 'काच' हा शब्द यंत्राने जागोजागी 'जाच' असा ऐकला होता. 'आम्ही दिवसभर जाच उचलत होतो,' असं एका बाईच्या नावावर लिहिलेलं होतं.

"हे दुरुस्त करणार आहोत," अधिकारी बाई ओशाळून म्हणाल्या.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "त्या बायकांना विचाराल तर त्या म्हणतील, यंत्राने बरोबर ऐकलं."

सगळे हसले. मग बाईंनी विचारलं, कुणाचं ऐकायचंय? मास्तरांनी पेंढावाल्या आजीचं नाव सांगितलं आणि हेडफोन कानाला लावले.

आजी इतकी स्वच्छ बोलत होती की मास्तर दचकले. खरखर नाही, बाहेरची कुत्री नाहीत, शेजारच्या घरातली भांडी नाहीत. आजी जणू समोर येऊन बसली होती. "हे बघ की," ती म्हणाली. मास्तरांनी डोळे मिटले. आता बायको म्हणेल, अगं बाई.

काहीच आलं नाही. नुसती जागा रिकामी होती. खरखरही नसलेली, साफ पुसलेली. मग आजी पुढे बोलली. पुन्हा थांबली. पुन्हा रिकामी जागा. "कळलं का गं तुला?" आजीने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने, न आलेल्या त्या उत्तरावर आजी खदखदून हसली. एखादी भ्रमिष्ट म्हातारी ओसाड घरात एकटीच बसून बोलत असावी, तसं ते वाटत होतं.

मास्तरांनी दुसरी मुलाखत लावायला सांगितली. मग तिसरी. आवाज वाढवून बघितला. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"बाई, यात आमच्या घरच्या होत्या," ते म्हणाले.

बाईंना कळलं नाही. मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की हे ते पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा उतरत गेला. टेपा साफ करून द्यायचं काम एका कंपनीला दिलं होतं. तिचं यंत्र मुख्य बोलणाऱ्याचा आवाज ओळखायचं आणि बाकीचं सगळं पार्श्वभूमीचा गोंगाट म्हणून काढून टाकायचं. कुत्री, भांडी, खरखर आणि लांबून येणारा तो बारीक हं.

"मग मूळ टेपा आणा," मास्तर म्हणाले. "माझं यंत्र घरी आहे. चालतंय अजून."

"मास्तर, टेपांना चिकटा धरला होता. वाजवताना भुकटी झडत होती. कशाबशा एकदा वाजल्या. त्यानंतर..." बाई थांबल्या. "त्यानंतर निकालात काढल्या."

"आणि साफ करायच्या आधीची नक्कल?"

"कंपनीने काही दिवस ठेवली होती. आम्ही काम पसंत केलं की त्यांनी ती पुसायची, असं ठरलं होतं. मी नमुने ऐकले. फार सुंदर वाटले. पसंतीची सही माझीच आहे." त्यांचे डोळे भरले होते. "दुसरा आवाज कुणाचा आहे हे कुठे लिहिलेलं असतं, तरी मी थांबवलं असतं हो."

"कसं लिहिलेलं असणार?" मास्तर म्हणाले. "नियमात बसत नव्हतं."

त्यांनी बाईंवर राग काढला नाही. रागवावं असं त्यांना वाटतही होतं, पण ते बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले आणि जमलं नाही. घरी येऊन सदरा घडी न करता खुर्चीवर टाकला आणि पलंगावर आडवे झाले. लेकीला फोन करायला हवा होता. तो त्यांनी कितीतरी दिवस केला नाही. शेवटी तिचाच आला, तेव्हा म्हणाले, "अगं, मी म्हटलं होतं ते तिथे नाहीये. गेलं."

इकडे प्राध्यापिकांना चैन पडेना. मुलाखतींत कुणीतरी ऐकणारी होती, हे कळल्यावर त्यांचं सगळं लिखाणच डळमळलं. बायका अमुक गोष्ट का बोलल्या, कुणाला बोलल्या, एकदम कौलांवर का घसरल्या, हे त्यांना कोड्यासारखं वाटत होतं, त्याचं उत्तर मास्तरांकडे होतं. त्या विनंती करून मास्तरांच्या घरी आल्या. तळहाताएवढं यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, ताईंबद्दल जे आठवेल ते सांगा."

मास्तर सुरू झाले. चष्म्याचं सांगितलं, शेंगांचं सांगितलं. प्राध्यापिका एकटक बघत मान डोलवत होत्या. चार वाक्यांनंतर मास्तर अडखळले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा अडले. जन्मभर दुसऱ्यांना "बोला, मोकळेपणाने बोला" म्हणणाऱ्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटली.

"बाई, तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकतेय ना, सर."

"मग आवाज का करत नाही?"

त्या गोंधळल्या. "आम्हाला तसंच शिकवतात. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही. ध्वनिमुद्रण खराब होतं."

"मान दिसते हो तुमची. पण बोलणं पुढे न्यायला कुणीतरी लागतं."

प्राध्यापिकांनी प्रयत्न केला. "हं," त्या म्हणाल्या, पण भलत्याच ठिकाणी. मास्तरांना हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी यंत्र बंद करून पिशवीत टाकलं आणि विचारलं, "चहा कुठे ठेवलाय? मी करते." त्या दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मास्तर भरभरून बोलले. यंत्रात त्यातलं काहीच गेलं नाही.

पुढे प्राध्यापिकांच्या पुस्तकात बायकोवर एक पूर्ण प्रकरण आलं. त्यात सगळं खरं होतं. मास्तरांनी ते वाचलं, दोनदा वाचलं. पण वाचताना बायकोचा आवाज काही कानात आला नाही.

अधिकारी बाईंनी मात्र पाठपुरावा सोडला नव्हता. कंपनीशी त्यांनी इतका पत्रव्यवहार केला, की शेवटी तिथल्या कुणीतरी जुने साठे उपसले. बहुतेक सगळं पुसलेलं होतं. काही फाइली मात्र 'सदोष' म्हणून बाजूला पडलेल्या निघाल्या. त्यांत दोन माणसं एकाच वेळी बोलत होती, यंत्राला मुख्य आवाज कुठला ते ठरवता आलं नव्हतं. सफाई फसली म्हणून त्या कधी लोकांसमोर ठेवल्याच नव्हत्या आणि पुसायच्याही राहून गेल्या होत्या.

या वेळी लेक रजा काढून आली. दोघं पांढऱ्या टेबलाशी बसली, एकेक हेडफोन लावून. बाईंनी फाइल लावली आणि त्या खोलीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

आधी खरखर आली. मग कुत्रं भुंकलं. मग दोन बायका एकदम बोलायला लागल्या. एक पेंढावाली आजी होती; हे तिचं दुसरं रीळ होतं. दुसरी ती होती. पण काय बोलत होती ते कळत नव्हतं. आजी थांबायला तयार नव्हती, हीही थांबायला तयार नव्हती, दोघी एकमेकींच्या शब्दांवर शब्द टाकत होत्या आणि मागे कुणीतरी हापसा मारत होतं.

"काय म्हणतेय?" मास्तरांनी विचारलं. त्यांचे कान आता पूर्वीचे राहिले नव्हते.

"कळत नाही, बाबा. दोघी एकदम बोलतायत." लेकीने पुन्हा मागे नेलं, पुन्हा ऐकलं. एकदा, दोनदा, किती वेळा. "बहुतेक तुम्ही बाहेर गेला होतात."

"केबल आणायला गेलो असेन."

मग एका ठिकाणी आजीला ठसका लागला आणि त्या ठसक्याच्या फटीत बायकोचं एक वाक्य सुटं आलं. लेकीने ते ऐकलं आणि तोंडावर हात दाबला. मास्तरांनी खुणेनेच विचारलं, काय? तिने आवाज वाढवला. मास्तरांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानाशी धरले.

"आमच्या यांना ना, माणूस बोललेलं ऐकू येत नाही. टेपेतून आलं की मगच ऐकू येतं."

त्यावर आजी हसली आणि बायकोही हसली, मोठ्याने, माइकची भीड न बाळगता. दार वाजलं. मास्तर आत आले असणार, कारण दोघी एकदम गप्प झाल्या.

लेक रडत होती. मास्तर रडले नाहीत. ते त्या पडद्याकडे बघत बसले, ज्यावर आवाजाची रेघ वरखाली होऊन आता सपाट झाली होती. मग म्हणाले, "खरंच बोलत होती."

बाकीच्या फाइलींत त्यांना तिचा एकही पूर्ण शब्द सुटा मिळाला नाही.

अधिकारी बाईंनी पुढे दोन गोष्टी केल्या. प्रत्येक मुलाखतीच्या माहितीत एक ओळ घातली, की या मुलाखतीत ऐकणारी व्यक्ती अमुक होती आणि तिचा आवाज सफाईत गेला आहे. दप्तरखान्यात बायकोचं पूर्ण नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते तिथे. मास्तर ते बघायला गेले. नावात वेलांटी चुकली होती, ती त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली. दुसरी गोष्ट म्हणजे नवा नियम. यापुढे कुठलीही टेप संगणकावर घेताना न साफ केलेली नक्कल आधी कायमची जपायची, सफाई नंतर. नियम चांगला होता. पुढच्या खेपेला शेतमजुरांच्या टेपा गेल्या, त्यांतली कुत्री, कोंबड्या, मध्ये मध्ये बोलणारी पोरं, सगळं शाबूत राहिलं. बाईंनी हे मास्तरांना फोन करून सांगितलं. मास्तर म्हणाले, "छान केलंत," आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचे कान झपाट्याने मंदावले. एकटं राहणं जमेना, तेव्हा लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. घर आवरताना जुनं यंत्र कुणाला द्यायचं असा प्रश्न पडला. त्यात जीव होता, पण त्यात घालायला टेप नव्हती. शेवटी दप्तरखान्यानेच ते नेलं आणि दाराशी काचेच्या पेटीत मांडलं.

ती फाइल लेकीने आपल्या फोनमध्ये घेतली आहे. तिची मुलं कधी कधी ती लावतात आणि आजोबांवरच्या त्या विनोदाला हसतात. मास्तर आपणहून कधी मागत नाहीत. एकदा लेकीने त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "बाबा, लावू का आज?"

"राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या फोनची बॅटरी उतरेल."

आणि खुर्ची ओढून खिडकीशी जाऊन बसले.